गोल शिक्क्याची पोच

लग्न होऊन या घरात आले त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या आजेसासूनं मला समोर बसवून घेतलं आणि विचारलं, "तुले अर्ज लिखता येस का वं?"

मी नाशिकची, बी.कॉम. झालेली. निघताना आईनं पुरणाच्या पोळीपासून पाया पडण्याच्या क्रमापर्यंत सगळं घोटून घेतलं होतं. अर्जाचं कोणी काही बोललं नव्हतं. मी म्हटलं, "येतो."

"कार्बन टाकीसन?"

"कार्बन टाकूनही येतो."

म्हातारीचा चेहरा तेव्हा जो खुलला, तसा माझ्या पुरणपोळीला पुढं एकोणीस वर्षांत एकदाही खुलला नाही. तिच्या उशीखालून फुलस्केप कागद निघाले, कार्बन निघाला, टाचण्या निघाल्या. स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण समास किती सोडायचा ते तिनं बोटानं आखून दाखवलं. मग ती सांगत गेली आणि मी त्याचं शाळेतलं मराठी करत गेले. आमच्या घराचा ओटा रस्त्यात दोन हात पुढं आलेला आहे, त्यामुळं बैलगाडी वळत नाही, तरी तो पाडण्यात यावा.

माझा पेन थांबला. "आमच्या म्हणजे कोणाच्या, आजी?"

"जिजी म्हण. आम्हना म्हंजे आपला. याच घरना."

"आबांना विचारलंय का?" आबा म्हणजे माझे सासरे, तिचा थोरला मुलगा. ओटा त्यांनी मोठ्या हौसेनं बांधला होता. तीन दिवसांपूर्वी माझ्या लग्नाचे बँडवाले त्याच्यावरच बसून जेवले होते.

"त्याले कसाले इचारानं? रस्ता काय त्याना शे?"

हातावरची मेंदीही उतरली नव्हती आणि मी सासऱ्याच्या विरुद्ध अर्ज लिहिला. लिहिला तो लिहिला, वर डोक्यावर पदर घेऊन तिच्याबरोबर ग्रामपंचायतीत द्यायलाही गेले. ग्रामसेवकानं तो दोनदा वाचला. "जिजी, हे तर तुमच्याच घराचं आहे."

"वाचता येस तुले. आते पोच दे."

पोच म्हणजे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर मारलेला कचेरीचा गोल शिक्का, खाली सही. अर्ज मिळाला याचा पुरावा. जिजीचा जगातल्या कुठल्याही कचेरीवर काडीचा विश्वास नव्हता, पण गोल शिक्क्यावर भारी होता. पंधरा दिवसांत आबांनी मुकाट्यानं ओटा पाडला. आईला ते काय बोलणार? महिनाभर बोलले नाहीत ते माझ्याशी, कारण अक्षर माझं होतं.

तिला तोंडावर मी नेहमी 'तुम्ही' म्हणायचे आणि मनातल्या मनात 'ती'. इथं मनातलंच लिहितेय. ती मला 'नवी' म्हणायची. माझ्यामागून घरात दोन सुना आल्या, माझ्या मुलीला मिसरूड फुटलेले मित्र आले, तरी नवी मीच. मी एकदा कुरकुरले, तर म्हणाली, "अर्ज लिखणारी तूच नवी उनी. बाकी तर भाकरी करनाऱ्या शेतस."

आमचं गाव खानदेशात, प्रकाशा तीर्थाच्या अलीकडं, तापीपासून दोन कोसांवर. जमीन काळी, कसदार. कापूस म्हणा, पपई म्हणा, घालाल ते देते. पावसाळ्यात मात्र तीच जमीन माणसाला गिळते. इकडं चिखलाला गारा म्हणतात. बाहेरच्यांना वाटतं गारा म्हणजे आभाळातून पडणाऱ्या, गार. आमचा गारा पायाखाली असतो आणि चप्पल ठेवून घेतो. जिजी म्हणून वर्षभर पुरुषी पायताण घालायची, जाड टायरचं, आणि हातात मोडक्या काडीची छत्री. लुगडं मात्र असं नीट की परीटघडीला लाज वाटावी. वय विचारलं तर सांगायची, तापीले मोठा पूर उना तव्हय मी चूल पेटाडे. कोणता पूर, ते सांगायची नाही.

पोच मागायची सवय कचेरीपुरती राहिली असती तर मी सुखी झाले असते. ती घरात शिरली. शेजारणीकडं वाटीभर चटणी पाठवली तरी रिकाम्या वाटीबरोबर निरोप यायला हवा, "मियनी," म्हणजे मिळाली. नाही आला, तर हिला रात्रभर चटणीची काळजी. माझ्या मुलीच्या बारशाला तिनं मला हातातली पाटली काढून दिली. माझे डोळे भरून आले, मी वाकले, तर वरून आवाज आला, "पोच लिख." आणि मी लिहिली हो, डोळे पुसत लिहिली.

एकदा प्रकाशाला महादेवाच्या दर्शनाला गेलो. जिजीनं नारळ ठेवला, हात जोडले आणि पुजाऱ्याला म्हणाली, "पोच दे."

तो बिचारा हसला. "आजी, पोच देव देतो."

"देव देस ते माले माहीत शे. त्याना मी इचार करी लिसू. नारळ तुन्ही लिना, तू दे."

मागं रांग खोळंबली. शेवटी पुजाऱ्यानं तिच्या तळहातावर कुंकवाचा गोल ठिपका काढला. तो तिनं इतका बारकाईनं पाहिला की मला वाटलं आता सही कुठंय विचारते. पण चालला तिला तो. घरी येईपर्यंत तिनं तो हात कशाला लावला नाही.

या सगळ्या पोचा एका पत्र्याच्या तेलाच्या डब्यात असायच्या. वाचता येत नसल्यामुळं तिनं स्वतःची तऱ्हा काढली होती. जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांनी गठ्ठे बांधायचे. शाळेचे अर्ज पिवळ्या चिंधीत, पाण्याचे निळ्या, रस्त्याचे हिरव्या. ग्रामसभेला डबा डोक्यावर. पंचायतीच्या पहिल्या पायरीवर स्वतःचं गोणपाट टाकून बसायची आणि मागच्या सभेत कोण काय बोललं ते शब्दन् शब्द म्हणून दाखवायची. मला शेजारी बसवून इतिवृत्त वाचायला लावायची, आणि बोललेलं लिहिलं नसेल तिथं माझ्या मांडीवर चापट मारायची. चुकायचा ग्रामसेवक, चापट मला.

गणसंख्येसाठी लोकांच्या सह्या घरोघर जाऊन घ्यायची आमच्याकडं सोयीची रीत होती. सभा न भरताच भरायची. पंचायतीचा शिपाई एकदा रजिस्टर घेऊन जिजीच्या अंगठ्यासाठी आला. तिनं त्याला बसवलं, चहा दिला. मग म्हणाली, "मन्हा अंगठा लागना का सभा सुरू व्हयनी ना?"

"हां, जिजी."

"मंग व्हयनी. सांग, पयला विषय काय शे?"

शिपायाला पहिला विषय माहीत नव्हता, दुसराही नव्हता. तेवढ्यात जिजीनं शेजारपाजारच्या बाया हाका मारून जमवल्या. दहा-बारा बायांनी विषय विचारायला सुरुवात केली, तेव्हा तो चहा अर्धा टाकून पळाला आणि रजिस्टर आमच्याकडंच राहिलं. जिजीनं ते डोक्यावर घेऊन पंचायतीत नेऊन दिलं आणि रजिस्टर परत केल्याची पोच घेतली. तेव्हापासून आमच्या गावात सभा भरायला लागली.

गावासाठी ती काय काय मागायची, पण स्वतःसाठी तिला जन्मात एकच गोष्ट हवी होती. कोरड्या, सरळ रस्त्यानं स्मशानात जायचं.

त्याला कारण होतं. मी आले त्या वर्षीच्या पावसात आमचे चुलत आजेसासरे वारले. स्मशान गावाबाहेर नाल्यापलीकडं, आणि वाट म्हणजे वावरातून गाडीची चाकोरी. खांदेकरी गुडघ्यापर्यंत रुतले, तिरडी कलली, आणि इतका करारी माणूस, जन्मभर ज्याची टोपी तिरपी झाली नाही, तो गाऱ्यात कुशीवर पडला. बायका आम्ही वेशीवरच थांबलो होतो, पण ते आम्हाला तिथून दिसलं. जिजी माझ्या शेजारी उभी होती. तो तिचा सख्खा दीर. रडली नाही. घरी येऊन आंघोळ केली आणि म्हणाली, "नवी, कागद काढ. मन्हं असं नको व्हवाले."

सात वर्षं आम्ही रस्त्याचे अर्ज केले. हिरव्या चिंधीचा गठ्ठा उशीएवढा झाला. ग्रामसेवक बदलले, सरपंच बदलले, माझे केस पांढरे व्हायला लागले. ती तालुक्याला शहाद्याला जाऊन साहेबाला सांगायची, "रस्ता नही तवलोंग मी मरत नही. मंग तुम्हीच देखा." साहेबांना ही धमकी वाटायची की आशीर्वाद, कळायचं नाही. पण झाला रस्ता. खडी पडली, रोलर फिरला, नाल्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, बांधली, वर डांबर.

उद्घाटनाला पाहुणे येणार होते. जिजी म्हणाली, पहिले मी तपासणार. आणि तपासलं कसं, तर तालीम करून. गिरणीवर जाऊन काट्यावर उभी राहिली, लुगड्यासकट बेचाळीस किलो भरली. तेवढी ज्वारी कट्ट्यात, म्हणजे गोणीत, भरली, कट्टा खाटेवर बांधायला लावला, भाऊबंदांतले चार जण खांद्याला लावले आणि स्वतः छत्री घेऊन बाजूनं चालू लागली. माझ्या सासूबाई दारात बसून रडत होत्या, अभद्र आहे, अभद्र आहे. आबा तर वावरातच निघून गेले. मी आपली वही-पेन घेऊन मागून, दुसरं काय करणार. अर्ध्या रस्त्यापर्यंत सगळं झकास. फरशीच्या वळणावर उताराला खांदेकऱ्यांचे पाय घसरले, खाट कलली आणि कट्टा गडगडत नाल्यात गेला.

जिजी काठावर उभी राहून कट्ट्याकडं बघत होती. मग म्हणाली, "पडनू मी."

खांदेकरी हसून हसून खाली बसले. ती हसली नाही. तिथंच दगडावर बसून तिनं मला अर्ज सांगितला, वळण रुंद करावं आणि उतार कमी करावा. केलं त्यांनी. दुसऱ्या तालमीत कट्टा पलीकडं सुखरूप पोचला, तेव्हा तिनं तो सोडून सगळ्यांना त्याच ज्वारीच्या भाकरी खाऊ घातल्या. जिवंतपणी स्वतःचं तेराव्याचं जेवण घालणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्या रस्त्याच्या पुढं, स्मशानापलीकडं, बर्डी आहे. भिलांची वीस-पंचवीस घरं. तिथली रुमाबाई आमच्या कापसात निंदायला यायची. जिजीहून तीस वर्षांनी लहान, पण बोलायला बरोबरीची. बर्डीच्या बाया याच रस्त्यानं गावातून हंडे वाहायच्या. एकदा नळाची योजना आली, चर खोदला, बुजवला, ठेकेदार गेला, आणि पाणी काही येईना. जिजीनं अर्जावर अर्ज केले. निळा गठ्ठा फुगत चालला. एका दुपारी रुमाबाई बांधावर हंडा टेकवून म्हणाली, "जिजी, तुन्ही पोचघाई मन्हा हंडा भरस का?" पोचघाई म्हणजे पोचेनं.

त्या दिवशी जिजीनं मला कागद काढायला सांगितलं नाही. मला वाटलं, दुखावली. दुसऱ्या दिवशी सकाळी टिकाव घेऊन रुमाबाईच्या दारात उभी. "चाल. खोद." जिथं पाइप असायला हवा तिथं चार जागी खोदून पाहिलं. पाइप नव्हता. नुसती माती खोदून नुसती माती भरली होती. जिजी खड्ड्याच्या काठावर बसली आणि म्हणाली, "मी बी मूरख. कागदवर शिक्का देखना, जमीनमा नही देखं." ती स्वतःला मूर्ख म्हणाली ते मी एकदाच ऐकलं.

पुढच्या ग्रामसभेत तिनं ठराव करून घेतला. पुन्हा चर खोदला तर जिजीनं स्वतः आत पाइप पाहिल्याशिवाय तो बुजवायचा नाही. शब्द तिचेच, "मी देखाशिवाय बुजानं नही." मी इतिवृत्तात तपासून घेतलं. पोचही घेतली.

गेल्या श्रावणात नवा ठेकेदार आला. पाइप टाकत टाकत फरशीच्या जरा अलीकडं त्यानं रस्ता आडवा खोदला. तीन हात रुंद, कमरेएवढा खोल. एका माणसापुरती फळी टाकली आणि पाहणीला बोलवायला स्वतः घरी आला. जिजीला ताप होता. मी म्हटलं, "जिजी, मी बघून येते. नाहीतर हे जातील."

"ठरावमा तुन्हं नाव शे का?"

"नाही."

"मंग? दोन दिन थांबा. मी मन्ह्या डोयाघाई देखसू."

ठेकेदार थांबला. न थांबून सांगतो कोणाला? तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं चहा मागितला, अर्धा प्यायली, कप माझ्या हातात दिला. मी सवयीनं म्हटलं, "मिळाला, जिजी." ती हसली. कप विसळून परत आले तोवर गेली होती.

मी पुष्कळ रडले. एकोणीस वर्षं जिच्या नावानं बोटं मोडली, ती गेल्यावर माझ्या हातांना कामच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला न्यायला काढलं. रात्रभर पाऊस झालेला, दोन्ही बाजूंची वावरं गाऱ्यानं भरलेली. बायका आम्ही वेशीवर थांबलो. तिरडी पुढं गेली आणि फरशीच्या अलीकडं गर्दी उभी राहिली. हलेना. मला एकदम चर आठवला. रीत-बीत राहू द्या म्हटलं आणि चालायला लागले, तशा सगळ्याच बाया मागून आल्या.

खांदेकरी चरापुढं उभे. फळीवरून चौघं जाऊ शकत नव्हते. एक म्हणाला, वावरातून वळसा घेऊ. चुलत आजेसासरे जिथं पडले ते हेच वावर. ठेकेदाराची माणसं फावडी घेऊन तयार होती, पाच मिनिटांत माती लोटतो म्हणत होती. आणि त्यांना हो म्हणायला कोणी धजत नव्हतं. ठराव होता ना. आबांच्या हातात मडकं, ते चराकडं बघत होते. वावरातून न्यावं तर तिची जन्माची एकच इच्छा जात होती, आणि न पाहता बुजवावं तर तिचा शब्द.

पलीकडं बर्डीच्या बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यांतून रुमाबाई पुढं आली. लुगडं खोचलं आणि सरळ चरात उतरली. आत मांडीभर गढूळ पाणी. ती वाकली, दोन्ही हात खाली घालून चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग तिरडीकडं मान वर करून, जिजी काठावर छत्री घेऊन उभी आहे अशा थाटात, मोठ्यानं म्हणाली, "जिजी, पाइप शे वं. मन्हा हातमा शे. सांधाबी पक्का शे."

मग आबांनी मडकं माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं आणि त्या वयात धोतर सावरत चरात उतरले. त्यांच्यामागून दहा-बारा जण उतरले. तिरडी डोक्यावरून हातोहात पलीकडं गेली. मी डोळे फाडून बघत होते. बोटभरसुद्धा कलली नाही.

पलीकडं चढल्यावर आबांनी अंगावरचं पाणी निथळू दिलं आणि फावडेवाल्यांना म्हणाले, "देखं तिनी. आते बुजा."

तेरावा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रुमाबाई दारात आली. हातात पितळी तांब्या, काठोकाठ भरलेला, वर पळसाचं पान. "बर्डीना नळनं पानी शे," ती म्हणाली. "काल उनं. जिजीले ठिव."

मी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, जिजीच्या खाटेजवळच्या पाटावर ठेवला. पाणी नितळ होतं. परत आले तर रुमाबाई उभीच.

"बस ना, चहा टाकते."

"चहा नको. पोच दे."

मला वाटलं गंमत करतेय. तोंड बघितलं तर गंमत नव्हती. उशीखालचे कागद अजून तसेच होते. मी कार्बन घातला, समास सोडला आणि लिहिलं, बर्डीच्या नळाचं पाणी, एक तांब्या, जिजीकरिता मिळालं. खाली सही केली. सहीच्या जागी पहिल्यांदाच नावाच्या आधी 'नवी' असं लिहिलं.

रुमाबाईनं कागद उलटासुलटा करून पाहिला. "गोल शिक्का कोठे शे?"

आता गोल शिक्का मी कुठून आणू? ती आत गेली, पाटावरचा तांब्या उचलला आणि त्याचं ओलं बूड कागदाच्या कोपऱ्यात दाबून टेकवलं. उचललं तेव्हा खाली स्वच्छ गोल उमटला होता.

"आते व्हयनं," ती म्हणाली. कागद फुंकून वाळवला, चार घड्या केल्या आणि पदराच्या गाठीत बांधला. कार्बनची प्रत मी तेलाच्या डब्यात ठेवली, निळ्या चिंधीत, सगळ्यात वर.